पोवळे, काच आणि घरातला समुद्र

पोवळे आमच्या लोकांना परके नाही. नवरत्नांत त्याची गणना होते, मंगळाचे रत्न म्हणून ते अंगठीत जडवले जाते आणि माळेत ओवून गळ्यातही घातले जाते. गोव्याच्या दृष्टीने तर पोवळ्याचा इतिहास हा व्यापाराचाही इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतील लिव्होर्नो बंदरात एर्गास आणि सिल्वेरा या ज्यू व्यापाऱ्यांची पेढी होती. भूमध्य समुद्रातून काढलेले लाल पोवळे ही पेढी लिस्बनमार्गे गोव्यास धाडी आणि त्याच्या मोबदल्यात गोव्यातील हिंदू व्यापारी हिंदुस्थानातील हिरे पाठवीत. या व्यापाऱ्यांत कामत घराण्यातील मंडळी होती. परस्परांचे तोंडही न पाहिलेल्या, भिन्न धर्मांच्या या माणसांनी पोर्तुगीज भाषेतील पत्रांच्या भरवशावर हा व्यवहार वर्षानुवर्षे सांभाळला.

जो पदार्थ इतक्या हातांतून गेला, इतक्या पेट्यांतून समुद्र ओलांडून आला, तो मुळात काय आहे हे मात्र त्या काळी विकणाऱ्यासही ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यासही नव्हते. कोणी त्यास दगड म्हणे, कोणी पाण्यातील झाड म्हणे. आपल्या हाती येतो तो एका प्राण्याचा सांगाडा आहे, हे कळण्यास पोवळ्याला जिवंतपणी पाहावे लागले. आणि ते पाहण्यासाठी समुद्राचे पाणी काचेच्या भांड्यात आणावे लागले. पुढे तेच भांडे विद्वानांच्या मेजावरून गृहस्थांच्या दिवाणखान्यात आले आणि आज जगातील हजारो घरांत प्रवाळाचे खडक काचेच्या टाकीत वाढताना दिसतात. या भांड्याचा इतिहास थोडक्यात सांगण्याचा आमचा हेतू आहे. पाहण्याच्या हौसेपायी किनारे ओरबाडणारी माणसे राखण्याची विद्या कशी शिकली, आणि ती विद्या आता समुद्राच्याच कामी कशी येऊ लागली आहे, ही त्यातील मुख्य गोष्ट आहे.

१७०६ साली लुइजी फेर्दिनांदो मार्सिली या इटालियन सरदाराने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पोवळ्याची ताजी फांदी समुद्राच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवली. थोड्या वेळाने फांदीवर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमललेली त्याने पाहिली. पोवळे ही वनस्पतीच आहे, असा निर्वाळा त्याने दिला आणि विद्वानांनी तो मानला. पुढे मार्सेयचा वैद्य झां-आंद्रे पेसोनेल याने तोच प्रयोग उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पुन्हा केला. ही 'फुले' स्पर्श होताच मिटतात, हालचाल करतात, हे पाहून ते लहानसे प्राणी असल्याचे त्याने १७२५ च्या सुमारास ठरवले. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत त्याचे मत कोणास रुचले नाही. रेओम्यूर या थोर पंडिताने ते अकादमीपुढे मांडताना पेसोनेलचे नावही उच्चारले नाही, कारण असे मत बाळगणाऱ्याची शोभा होईल असे त्यास वाटले. गोड्या पाण्यातील हायड्रा या चिमुकल्या प्राण्यावरील प्रयोग पुढे आल्यावर १७४२ मध्ये रेओम्यूरनेच पेसोनेलचे म्हणणे बरोबर असल्याचे जाहीरपणे मान्य केले. एक भांडे, थोडे खारे पाणी आणि थांबून पाहण्याची सवय, एवढ्या सामग्रीवर शेकडो वर्षांचा समज पालटला.

परंतु अशा भांड्यातील जीव फार दिवस जगत नसत. पाणी नासे आणि प्राणी मरत. हे कोडे सोडवण्याचा पद्धतशीर उद्योग प्रथम एका स्त्रीने केला. झान विलप्रो-पॉवर ही मूळची फ्रान्समधील खेड्यातली. पॅरिसमध्ये ती उंची वस्त्रे शिवण्याचे काम करीत असे. विवाहानंतर सिसिली बेटावरील मेसिना येथे राहावयास गेल्यावर तिने समुद्रातील प्राण्यांचा अभ्यास आरंभला. आर्गोनॉट नावाचा एक अष्टपाद प्राणी पातळ, सुंदर शिंपल्यात राहतो. हा शिंपला त्याने दुसऱ्या कोणाचा बळकावलेला असतो की स्वतः घडवलेला, हा वाद ग्रीकांच्या काळापासून चालत आलेला होता. १८३२ पासून तिने त्यासाठी काचेच्या पेट्या आणि समुद्रात नांगरून ठेवण्याचे पिंजरे करवून घेतले. तिने शिंपल्याचा तुकडा मोडून पाहिला, तेव्हा प्राण्याने तो स्वतः सांधला. पिले वाढू लागली तेव्हा त्यांनी आपला शिंपला आपण रचला. वाद मिटला. तिचे पुष्कळसे साहित्य १८३८ मध्ये जहाज बुडून नष्ट झाले, तरी जलचरांच्या पेटीची जननी म्हणून तिचे नाव राहिले.

याच सुमारास लंडनमध्ये नाथानिएल वॉर्ड या डॉक्टरास एक निराळीच गोष्ट आढळली. त्याने पतंगाचा कोष मातीसह एका बाटलीत बंद करून ठेवला होता. त्या मातीत नेच्याचे रोप उगवले आणि बाहेरच्या धुरकट हवेत जे रोप जगत नसे, ते बंद बाटलीत वाढले. यातून 'वॉर्डची पेटी' निर्माण झाली. चहाची रोपे चीनमधून हिंदुस्थानात जिवंत आली ती पुढे अशाच काचपेट्यांतून. पेटीत कोंडलेला जीव योग्य सोबत मिळाल्यास आपली हवा आपणच शुद्ध राखू शकतो, हा विचार त्यामुळे लोकांच्या मनात रुजला. १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये काचेवरील कर उठला, काच स्वस्त झाली आणि जी गोष्ट श्रीमंतांच्या आवाक्यात होती ती मध्यम स्थितीतील कुटुंबांच्याही आवाक्यात आली.

आता आपण प्रत्यक्ष घरातील प्रवाळाकडे वळू. १८४६ च्या शरदऋतूत अ‍ॅना थिन ही बाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गावी गेली असता तिला खडकावर चिकटलेले लहान प्रवाळ दिसले. ते लंडनला न्यावेत असे तिच्या मनाने घेतले. प्रवासात धक्के बसून ते दुखावू नयेत म्हणून तिने सुई-दोऱ्याने त्यांस मोठ्या स्पंजाला टाचले आणि समुद्राच्या पाण्याच्या बरणीत ठेवून वेस्टमिन्स्टर येथील आपल्या घरी आणले. आरंभी ती समुद्राचे ताजे पाणी मागवीत असे. ते मिळेनासे झाले तेव्हा जुन्याच पाण्यात हवा मिसळण्याची युक्ती तिने काढली. उघड्या खिडकीजवळ उभे राहून एका भांड्यातील पाणी दुसऱ्या भांड्यात धारेने ओतावयाचे, पुन्हा पहिल्यात ओतावयाचे, असे रोज अर्धा-पाऊण तास चाले आणि हे काम घरातील मोलकरीण करी. दुसऱ्या वर्षी तिने पाण्यात समुद्री शेवाळ आणून सोडले. समुद्रापासून दूर असलेल्या त्या शहरात तिचे प्रवाळ वर्षानुवर्षे जगले आणि त्यांस पिलेही झाली. आज विजेचा पंप जे काम करतो ते त्या मोलकरणीच्या हातांनी केले होते, ही गोष्ट इतिहासाने विसरू नये.

या जगण्यामागचे रसायन रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने उलगडले. त्याने काचेच्या भांड्यात दोन सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची पाने कुजू लागताच पाणी बिघडले. तेव्हा ती कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगायी त्याने आत सोडल्या आणि पाणी निवळले. माशाचा श्वास वनस्पतीच्या उपयोगी, वनस्पतीने सोडलेला प्राणवायू माशाच्या उपयोगी, आणि दोघांचा केर गोगलगाईचे अन्न, असा हा संसार होता. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग प्रसिद्ध केला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जलचरांसाठी स्वतंत्र काचगृह उघडले. त्यामागे फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकाचे परिश्रम होते. त्याच गॉसने १८५४ मध्ये 'अ‍ॅक्वेरियम' हे नाव शीर्षकात असलेले पुस्तक लिहिले आणि हा शब्द जगभर रूढ केला. मूळ लॅटिनमध्ये गुरांना पाणी पाजण्याच्या जागेस हा शब्द लावीत असत. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी निरनिराळे क्षार गोड्या पाण्यात विरघळवून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृतीही गॉसने दिली.

यानंतर जे घडले ते वाचताना मन विषण्ण होते. गॉसची पुस्तके हाती घेऊन, रेल्वेने किनारा गाठून, छिन्नी-हातोडा आणि बरण्या घेतलेली माणसे इंग्लंडच्या किनाऱ्यावर लोटली. ओहोटीच्या वेळी खडकांच्या खाचांत उरणारी जी पाण्याची डबकी आहेत, त्यांतील समुद्रफुले, प्रवाळ, खेकडे, शेवाळ यांची लूट झाली. घरी नेलेले बहुतेक जीव काही दिवसांत मरत, आणि मेलेल्यांच्या जागी नवे आणण्यासाठी माणसे पुन्हा किनाऱ्यावर जात. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मकथनात या विनाशाची खंत लिहून ठेवली आहे. लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेला तो भरलेला किनारा पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडणार नाही, आणि ज्या वडिलांनी लोकांना ते सौंदर्य दाखवले त्यांनाच आपल्या हातून हे घडल्याचे दुःख झाले, असे तो सांगतो. सौंदर्याचा प्रसार करणारा मनुष्य दुष्ट नव्हता, बरण्या घेऊन येणारेही दुष्ट नव्हते. प्रत्येकाने थोडेसेच नेले होते. परंतु घेणे सोपे झाले होते आणि राखणे कोणास येत नव्हते.

राखणे का येत नव्हते, याचे उत्तर कळण्यास आणखी वेळ लागला. प्राण्याच्या मलमूत्रातून पाण्यात अमोनिया उतरतो आणि तो विषारी असतो. डोळ्यांस न दिसणारे काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे काही नायट्राइटचे त्यामानाने निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. हे जिवाणू १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने वेगळे करून दाखवले. नव्या भांड्यात ते पुरेसे नसतात. त्यांस वसण्यास काही आठवडे लागतात. हौशी माणसे पहिल्याच दिवशी भांडे जीवांनी भरून टाकीत आणि ते जीव आपल्याच विषाने मरत. विल्यम आल्फर्ड लॉइड याने हॅम्बर्ग येथे १८६४ मध्ये आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ मध्ये जी मोठी मत्स्यालये उभारली, तेथे त्याने अनुभवाने निराळा मार्ग धरला होता. दिसणाऱ्या टाक्यांहून अधिक पाणी खाली अंधाऱ्या, थंड हौदात ठेवावयाचे आणि ते अखंड फिरते राखावयाचे. घरगुती टाकीखाली कपाटात आज जी दुसरी टाकी असते ती लॉइडच्या त्या हौदाचीच वंशज होय. आमच्या देशात १९०९ मध्ये मद्रासच्या किनाऱ्यावर आणि १९५१ मध्ये मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा समुद्र दाराशीच होता. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांची अडचण त्यांस नव्हती.

तरीही उष्ण समुद्रातील, खडक बांधणारे प्रवाळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घरी फार काळ कोणास जगवता आले नाहीत. अ‍ॅना थिनने जे प्रवाळ पाळले ते थंड समुद्रातील, मिळेल ते भक्ष्य पकडून खाणारे. लक्षद्वीप, अंदमान वा मन्नारच्या आखातातील खडक बांधणारे प्रवाळ तसे नसतात. त्यांच्या शरीरातच सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळ त्यास आसरा व खत देतो. सिरो कावागुती या जपानी शास्त्रज्ञाने पालाऊ बेटांवर काम करून १९४४ मध्ये या शैवालाची जात निश्चित केली. म्हणजे अशा प्रवाळास पाळावयाचे तर त्याच्या आत राहणाऱ्या वनस्पतीसही ऊन पुरवावे लागते. अंधाऱ्या दिवाणखान्यात ते उपाशी मरत.

यापुढचे महत्त्वाचे पाऊल आशियात पडले. जकार्ता येथे राहणाऱ्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकन मत्स्यपालन मासिकात आपली पद्धत सांगितली. गाळणीची यंत्रे, सतत धुणे-पुसणे, जंतुनाशके, यांतले त्यांनी काहीच केले नाही. समुद्रातील खडकाचे तुकडे, त्यांवरील शेवाळ, किडे, स्पंज, जिवाणू यांसकट टाकीत ठेवावयाचे, नळीतून हवेचे मंद बुडबुडे सोडावयाचे आणि सूर्यप्रकाश येऊ द्यावयाचा. पाणी शुद्ध करण्याचे काम त्या जिवंत खडकानेच केले. तोवर लोक घाण वाटणाऱ्या साऱ्या गोष्टी खरवडून काढीत आणि पांढऱ्याशुभ्र मृत प्रवाळाचे तुकडे शोभेसाठी ठेवीत. ज्याला केर म्हणून बाहेर टाकले जात होते तोच घर चालवणारा होता, हे एंग यांनी दाखवून दिले.

त्याच दशकात त्याच उष्ण समुद्रात एक घोर प्रकारही सुरू झाला. फिलिपाईन्समध्ये शोभेचे मासे पकडणारे लोक प्रवाळाच्या फटींत सोडियम सायनाइडचे पाणी फवारू लागले. मासा गुंगतो आणि सहज हाती येतो. पण सभोवतालचा प्रवाळ मरतो, आणि तो मासाही पुष्कळदा दूरदेशी खरेदीदाराच्या घरी पोहोचून काही दिवसांत मरतो. इंग्लंडच्या किनाऱ्यावर बरणी घेऊन गेलेल्या मनुष्यास निदान आपला हात दिसत होता. येथे टाकी एका खंडात आणि उजाड झालेला खडक दुसऱ्या खंडात, अशी स्थिती झाली.

या दुष्टचक्रातून सुटण्याची वाट जर्मनीतील हौशी मंडळींनी काढली. पीटर विल्केन्स यांनी १९७३ मध्ये अपृष्ठवंशी सागरी जीवांच्या पालनावर ग्रंथ लिहिला. प्रवाळाचा सांगाडा चुनखडीचा असतो. वाढणारा प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम संपवतो. ते भरून काढण्यास विल्केन्स यांनी जे औषध सांगितले ते आमच्याकडे पानाच्या तबकाशी संबंध असलेल्या कोणासही कळेल. ते म्हणजे चुन्याची निवळी. चुना पाण्यात कालवून, खाली बसू देऊन, वरचे नितळ पाणी थेंबाथेंबाने टाकीत सोडावयाचे. बर्लिनमधील मंडळींनी याला जिवंत खडक, प्रखर दिवे आणि पाण्यातील मळ फेसाच्या रूपाने बाहेर काढणारे यंत्र यांची जोड दिली. अशा यंत्रास पाळणारे लोक 'स्किमर' म्हणतात. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर मळकट फेस आणून टाकतात, तेच काम एका नळकांड्यात केले जाते.

बर्लिनच्या या मंडळींत डीट्रिख श्ट्यूबर होते. १९८० नंतरच्या दशकात त्यांच्या टाकीत फांद्यांच्या प्रवाळाची एक लहानशी वसाहत वाढू लागली. वाढलेल्या फांदीचा तुकडा तोडून खडकाला चिकटवला तर तो नव्या झाडासारखा रुजतो, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी तुकडे मित्रांना दिले, मित्रांनी आपल्या मित्रांना दिले आणि काही वर्षांत त्या एकाच वसाहतीचे वंशज युरोपभर पसरले. आमच्याकडे शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावे, त्यावर आपले दही लावावे आणि उद्या तिचे संपले तर तिला आपल्यातले द्यावे, तशातलीच ही रीत आहे. देणाऱ्याचे काही कमी होत नाही, आणि एकाच्या टाकीत रोग पडला तरी दुसऱ्याच्या घरी तोच प्रवाळ जिवंत असतो. या सबंध इतिहासात आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती हीच घटना. दीडशे वर्षे माणसे समुद्रातून घेत होती. आता ती एकमेकांकडून घेऊ लागली.

आज अशी टाकी राखणे म्हणजे काय, हेही वाचकांस कळले पाहिजे. एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तयार मिळणारे क्षारांचे मिश्रण अतिशुद्ध पाण्यात विरघळवून ते प्रमाण साधतात. उष्णता २५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात; आमच्या उन्हाळ्यात त्यासाठी पाणी थंड करणारे यंत्र लागते. कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम असावे लागते. खडक मांडून, पाणी भरून, चार ते सहा आठवडे अमोनिया व नायट्राइट शून्यावर येण्याची वाट पाहिल्यावरच पहिला जीव आत सोडावयाचा असतो. टाकीतील पाणी रोज आटते आणि येथे नवखे माणूस फसते. आटलेल्या पाण्याच्या जागी ते खारे पाणी ओतते आणि क्षार वाढत जातात. मिठागरावर काम केलेल्या माणसास हे शिकवावे लागणार नाही. ऊन पाणी नेते, मीठ मागे ठेवते. म्हणून भर घालावयाची ती गोड्या पाण्याची. वीज काही तास गेली तर पाणी फिरण्याचे थांबते, प्राणवायू कमी होतो आणि वर्षांची मेहनत एका रात्रीत जाऊ शकते. नंदादीप एकदा उजळणे कोणासही जमते. रोज तेल घालणारा मिळणे कठीण असते. प्रवाळपालनाचे वर्म तेच आहे.

आमच्या देशात या छंदाला एक स्पष्ट मर्यादा आहे आणि ती योग्यच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण तेच प्रवाळाला. तेव्हापासून आपल्या समुद्रातील असा प्रवाळ, मग तो जिवंत असो वा मेलेला, उचलून नेणे वा विकणे हा गुन्हा आहे. प्रवाळ पाहण्यास लक्षद्वीपलाच जावे लागते असेही नाही. मुरगावनजीकच्या ग्रँडी बेटाजवळ, मालवणच्या सागरी अभयारण्यात आणि विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणाऱ्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावर प्रवाळ आहेत. सहलीच्या वेळी आठवण म्हणून त्याचा तुकडा खिशात घालणारा मनुष्य १८५५ मधील बरणीवाल्यांच्याच वाटेने चालत असतो. ज्यास घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवावयाचीच आहे त्याने समुद्रातून पकडलेला नव्हे, तर पैदाशीचा मासा मागावा. समुद्रफुलाच्या आश्रयाने राहणाऱ्या विदूषक माशांची पैदास करण्याचे तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने सिद्ध केले आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर गेल्या काही दशकांत समुद्रानेच दिले आहे. पाण्याची उष्णता नेहमीपेक्षा एखादा अंश जरी वाढली आणि काही आठवडे तशीच राहिली, तरी प्रवाळ आपल्या शरीरातील शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि ते परत न आल्यास उपासमारीने मरतो. १९९८ मध्ये असे जगभर घडले. लक्षद्वीपलाही त्याचा जबर तडाखा बसला. त्यानंतर २०१० मध्ये आणि २०१४ ते २०१७ या काळात तेच झाले, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी असा चौथा जागतिक प्रसंग चालू असल्याचे जाहीर केले. कायदा चोराला अडवू शकतो. तापलेल्या पाण्याला अडवू शकत नाही.

अशा वेळी हौशी लोकांनी जमवलेली ही विद्या उपयोगी पडू लागली आहे. तुकड्यांपासून प्रवाळ वाढवता येतो. परंतु तुकडे एकाच जीवाची नक्कल असतात. नव्या, निराळ्या गुणांची संतती हवी तर प्रवाळाने बीज सोडले पाहिजे, आणि समुद्रात पुष्कळ जातींचे प्रवाळ वर्षातून ठरावीक काळीच, पौर्णिमेनंतरच्या थोड्या रात्रींत ते सोडतात. २०१३ मध्ये लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील मंडळींनी टाकीत ऋतूंप्रमाणे बदलणारी उष्णता, लहानमोठा होणारा दिवस आणि दिव्याचा कृत्रिम चंद्र यांची योजना केली आणि बंद खोलीतील प्रवाळाने आपली तिथी ओळखून बीज सोडले. अ‍ॅना थिनने जेथे स्पंजाला टाचलेले प्रवाळ आणले होते त्याच शहरातील ही घटना आहे. हेच तंत्र घेऊन २०१९ च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडातील मत्स्यालयाने तेथील समुद्रातून नाहीशा होत चाललेल्या स्तंभ-प्रवाळाचे बीज टाकीत मिळवले. २०२३ च्या जुलैमध्ये फ्लोरिडाचा समुद्र इतका तापला की तेथील संशोधकांनी समुद्रातील रोपवाटिकांतून प्रवाळाचे हजारो तुकडे घाईने काढून जमिनीवरील टाक्यांत हलवले. आग लागलेल्या घरातून मुलेबाळे शेजाऱ्याच्या ओसरीवर आणावीत, तसा तो प्रसंग होता.

ओसरी म्हणजे घर नव्हे, हेही सांगितले पाहिजे. जगातील साऱ्या काचेच्या टाक्या एकत्र केल्या तरी त्यांत एक लहानसे बेटही मावणार नाही. समुद्र थंड राहिला नाही तर टाकीतील बीज परत पेरणार कोठे, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर छंदिष्टांच्या हाती नाही. ते आपण सर्व मिळून किती इंधन जाळतो यात आहे. परंतु पाणी पुन्हा निवळेपर्यंत वाण जपून ठेवण्याचे काम ज्यांच्या हातून होऊ शकते असे लोक तयार आहेत, हेही थोडे नाही. दुष्काळात बियाण्याचे मडके न फोडणारा शेतकरी आम्हांस ठाऊक आहे.

लिव्होर्नोहून गोव्यास येणाऱ्या पेटीत पोवळे सांगाड्याच्या रूपाने आले आणि आपण त्याचे मोल केले. तो सांगाडा ज्याचा, त्या जीवाची ओळख होण्यास काचेचे भांडे लागले, आणि त्या भांड्याने किनाऱ्यांची झालेली हानी भरून निघण्यास अजून पुष्कळ काळ लागेल. आंग्रिया बँकेवरील प्रवाळ आपल्यापैकी फारच थोड्यांच्या दृष्टीस पडेल. न पाहिलेल्या त्या जीवाची काळजी वाहणे हे आपल्या पिढीकडे आलेले काम आहे, आणि ते मोलकरणीने खिडकीपाशी रोज ओतलेल्या पाण्यासारखेच, न कंटाळता करण्याचे आहे.